बेल वाजवू नये

सोलापुरात रेल्वे लाइन्सच्या बाजूला एका दुमजली घराच्या खालच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी आहे. चपलांच्या खोक्याचं झाकण कापून केलेली, वर दोन भोकं पाडून सुतळीनं कडीला अडकवलेली. ‘बेल वाजवू नये’ आणि त्याखाली अमुक वाजेपर्यंत. अक्षरं बॉलपेननं तीनतीनदा गिरवून ठळक केलीत, आकडा मात्र पेन्सिलीचा. तो इतक्यांदा खोडून लिहिलाय की तेवढ्या जागेचा पुठ्ठा मऊ पडून पापुद्रे निघालेत. एप्रिलातल्या एका दुपारी पावणेतीनला तिथं ‘५’ होता. सिलिंडरवाल्यानं सिलिंडर पायरीपाशी आदळला आणि बेल दाबली. एकदा थोडी, मग लांब. दार किलकिलं झालं. “पाटी दिसली नाय का ओ दादा?” आतून दबका आवाज. “दिसली की वहिनी. ओटीपी लागतोय, त्याला मी काय करू?” त्याचंही खरंच होतं. आकडे सांगून झाले, दार लागलं. आत कुणीतरी खोकलं, नळ सुटला, बंद झाला. एवढंच.

डोक्यात राहिला तो पेन्सिलीचा आकडा. रात्रपाळीवाल्याच्या घरी अशी पाटी असते, पण तिथं आकडा पक्का असतो. सोलापूरला पाळी काय असते ते कुणी शिकवायला नको. गिरण्यांच्या भोंग्यावर हे गाव उठलं, जेवलं आणि निजलं. भोंगा बंद झाल्यावरही पूर्व भागातल्या कित्येक घरांत पॉवरलूमची खटखट दिवसरात्र पाळ्यांवर चालू राहिली. गिरणीतला माणूस रात्रपाळीला कंटाळायचा, पण पुढच्या आठवड्यात आपण कधी झोपणार हे त्याला आजच ठाऊक असायचं. त्याची बायको, शेजारी, कोपऱ्यावरचा वाणी, सगळे त्या वेळापत्रकात सामील असत. या दारावरच्या माणसाला पाळी नाही. त्याला कॉल असतो. तो मालगाडी चालवतो.

मेल-एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरांना निदान लिंक असते. कुठली गाडी, कुठल्या दिवशी, किती वाजता, हे कागदावर असतं. मालगाडीच्या लोको पायलटांचा, म्हणजे ड्रायव्हरांचा, पूल असतो. जो आधी परत आला, तो आधी पुन्हा निघणार. आपल्या पुढं किती जण आहेत हे त्याला कळतं. पण वाडी जंक्शनकडून सिमेंटचा रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, कधी येणार, होटगीला कोळशाचा रिकामा रेक कधी सुटणार, पुढचा एखादा आजारी पडला तर आपला नंबर कितीनं वर सरकणार, हे कळत नाही. पूर्वी कॉलमन सायकलवरून वही घेऊन यायचा आणि सही घेऊन जायचा. आता फोन येतो. ड्युटीच्या साधारण दोन तास आधी. अंघोळ, जेवण, डबा, लॉबीपर्यंतचा, म्हणजे ड्युटीची सही होते त्या कचेरीपर्यंतचा रस्ता, सगळं त्या दोन तासांत. झोपेचे सगळे जाणकार सांगतात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बंद करा. याच्या फोनवर तर भाकरी अवलंबून. मग काहींनी लॉबीच्या नंबरला वेगळी, कर्कश रिंगटोन लावलीय आणि बाकी जग मुकं केलंय. पण कुठल्याही क्षणी वाजू शकणाऱ्या फोनच्या शेजारी झोपलेला माणूस, तो वाजला नाही तरी, एक कान उघडा ठेवूनच झोपतो. तान्ह्या मुलाची आई झोपते तसा.

आता त्या पाचच्या आकड्याचा हिशेब. नियम असा की आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी झाली तर मुख्यालयात, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या गावी, १६ तास विश्रांती, कमी झाली तर १२. सोळा तास ऐकायला ऐसपैस वाटतात. धरून चला, माणूस सकाळी सहाला सोलापुरात उतरला. सही करून, घरी पोचून, अंघोळ-नाश्ता उरकून साडेसातला आडवा झाला. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तास-दोन तास, कधी तीनही तास तोकडी पडते, कारण शरीरातलं घड्याळ तोवर उजाडलं म्हणून कामाला लागलेलं असतं. बाराच्या सुमाराला डोळा उघडतो आणि मग काही केल्या मिटत नाही. रात्री आठला कॉल, दहाला ड्युटी. पहाटे पाचला त्याला जागं होऊन सतरा तास झालेले असतात. सतरा हा आकडा मुद्दाम मोजण्यासारखा आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा एक छोटा लेख आला होता. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची डोळ्या-हाताची जुळवाजुळव रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यात दाखवलंय. आपल्याकडे रस्त्यावर गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. वर पहाटे चार-पाच म्हणजे शरीराचं तापमान चोवीस तासांत सर्वांत खाली जायची वेळ. दोन्ही उतार एकाच ठिकाणी भेटतात.

हाच माणूस दुपारी अडीच ते चार पुन्हा झोपला, तर पहाटे पाचला तो तेरा तासांचा जागा असतो. सतरा आणि तेरा.

पावणेतीनला वाजलेल्या बेलचं बिल पहाटे पाचला दौंडकडच्या वाटेवर पारेवाडी स्टेशनच्या आसपास येतं.

कुणी म्हणेल, दुपारी मोडली तर संध्याकाळी झोपावं. तेवढंच जमत नाही. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास, म्हणजे साधारण सात ते नऊ, शरीर झोपेला जवळपास दारबंदी करतं. पेरेत्झ लावी या संशोधकानं १९८६ मध्ये या पट्ट्याला झोपेचा निषिद्ध प्रदेशच म्हटलं होतं. दिवसभराचा थकवा रेटून धरायला घड्याळ त्या वेळी पूर्ण जोर लावून जागं ठेवतं. अंधार करा, पाय चेपा, काही उपयोग नाही. माणूस छताकडं बघत पडतो आणि ‘झोप आली नाही, आता रात्री काय होणार’ या काळजीनं आणखी जागा होतो. दुपारी दोन ते चार मात्र शरीर स्वतःहून थोडं सैलावतं. आपल्याकडची वामकुक्षी नुसत्या जेवणाच्या सुस्तीतून आलेली नाही, जेवला नाहीत तरी ही उतरण येतेच. झोप म्हणजे ज्वारीचं पोतं नव्हे की कधीही भरून ठेवलं. तिला दिवसातून दोनच दारं आहेत, आणि मालगाडीवाल्याला मोठं दार नेमकं कामाच्या वेळी उघडं मिळतं.

आणि ते लहान दार सोलापुरात कसल्या हवेत उघडतं? झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. तळवे, तळपाय गरम होतात ते आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली ती टाकायची कुठं? कूलर कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, आणि त्याची एकसुरी घरघर रस्त्यावरचे हॉर्न, कुत्री, भंगारवाल्याचा भोंगा गिळून टाकते. ती घरघर थंडाव्याइतकीच कामाची असते. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसती ओल फेकतो. खिडकीला जाड पडदा पुरत नाही. फटीतून आलेली एक उन्हाची रेघ भिंतीवर सरकत चेहऱ्यावर आली की संपलं. जाणती घरं काचेला आतून काळा कागद किंवा चांदीसारखी फॉइल चिकटवतात. मग पाणी. शहराच्या कित्येक भागांत ते चार-पाच दिवसांआड येतं आणि आलं की सगळी गल्ली जागी होते. मोटारी, पाइप, ड्रम ओढल्याचा आवाज. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे दिवस, लग्नसराईत डीजे. यातलं काहीही त्या पाटीला जुमानत नाही. झाकण चपलांच्या खोक्याचंच शेवटी.

रेल्वे अधूनमधून ड्रायव्हरांच्या कुटुंबीयांना बोलावून समुपदेशन करते. घरी भांडण नको, दिवसा झोपू द्या, मुलांना गप्प ठेवा. सल्ला चुकीचा नाही. तरी तो ऐकताना काहीतरी टोचतं. इंजिनातल्या सावधपणाचा एक मोठा तुकडा अशा बाईच्या हवाली केलेला असतो, जिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. कुकरच्या शिट्ट्या कधी होऊ द्यायच्या, मिक्सर कधी लावायचा, शेंगा कुटायच्या त्या मागच्या दारी नेऊन कुटायच्या, पोराला कितीदा दटावायचं, हे ती ठरवते. तिची स्वतःची झोप कोण मोजतं, असा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारत असेल असं वाटत नाही. पण तिच्याशिवाय हे जमत नाही हेही खरं. घोरण्याचं पाहा. घरात घोरणं हा विनोद असतो, आणि ते ऐकणारी ती एकटीच. घोरता घोरता श्वास दहा-वीस सेकंद अडकतो, मग माणूस दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो, हे तासात कित्येकदा होत असेल तर आठ तास पडूनही झोप होत नाही. गळ्याचा घेर चाळीस सेंटीमीटरच्या वर, रक्तदाब, दिवसा पेंग: एवढं जुळलं की तपासणी करून घ्यावी. २००३ मध्ये जपानात बुलेट ट्रेनचा चालक ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगात आठेक मिनिटं झोपून गेला. गाडी स्वयंचलित यंत्रणेनं थांबवली. चौकशीत त्याला हाच श्वास अडकण्याचा आजार निघाला. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

लॉबीत सही करताना फुंकर मारावी लागते. मशीन दारू ओळखतं, झोप ओळखत नाही. विश्रांती पुरेशी झाली का, याला तोंडी किंवा पडद्यावर ‘हो’ म्हणायचं असतं, आणि बहुतेक जण प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. कारण थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय याचा अंदाज सर्वांत कमी असतो. हा दारूचा आणि जागरणाचा आणखी एक सारखेपणा. अंदाजापेक्षा बेरीज बरी: मागच्या २४ तासांत पाच तास आणि ४८ तासांत बारा तास झोप झाली नसेल, तर वाटतं काय याला फारसा अर्थ नाही. ही बेरीज बोटांवर करता येते, मशीन लागत नाही. बेरीज कमी आली तर पुढं काय करायचं, हा मात्र अवघड भाग. ‘मला झोप आहे’ असं लॉबीत म्हणणं अजूनही ‘मला काम नको’ असं ऐकलं जातं.

सोलापूरला १८६० मध्ये पहिली गाडी आली तेव्हापासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं इंजिन म्हणजे वाफेची भट्टी होती. फायरमन उभ्यानं कोळसा ओढायचा, ड्रायव्हर वारा आणि धग खात बाजूनं डोकावायचा. कष्ट अमाप, पण झोपायला तिथं जागाच नव्हती. आजच्या विजेच्या इंजिनात खुर्ची आहे, काच आहे, अंगाखाली एकाच सुरात चालणारी थरथर आहे. अंधारात समोर दिव्याचा पट्टा आणि त्यात येणारे स्लीपर, सगळे सारखे. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर. हिवाळ्यात भिगवणच्या अलीकडं उजनीच्या पाण्यावरून धुकं येतं तेव्हा डोळे ताणून बघावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्या टप्प्यात झोप येत नाही. झोप येते ती हिरव्यानंतर हिरवा, हिरव्यानंतर हिरवा लागत जातो तेव्हा. काही करायचं नसतं, फक्त लक्ष द्यायचं असतं. माणसाचा मेंदू या कामाला मुळातच नालायक आहे. तो दोन-चार सेकंदांसाठी परस्पर दुकान बंद करतो. डोळे उघडे असू शकतात. एक्स्प्रेसच्या ताशी ११० किलोमीटरला चार सेकंद म्हणजे १२२ मीटर, पाच डबे बसतील एवढं अंतर.

यासाठी इंजिनात व्हीसीडी असतं, ड्रायव्हर जागा आहे का ते तपासणारं उपकरण. साठ सेकंद ड्रायव्हरनं थ्रॉटल, ब्रेक, हॉर्न, कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो. आणखी आठेक सेकंदांनी बझर वाजतो. त्यालाही आठेक सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. मुंबईच्या लोकलमध्ये डेडमॅन हँडल सतत दाबून धरावं लागतं, त्याचा हा जरा सुखवस्तू भाऊ. उपकरण चांगलं आहे, पण ७६ सेकंद मोजा. ११० च्या वेगात २ किलोमीटर ३०० मीटर होतात. आधी इशारा देणारा डिस्टंट सिग्नल, स्टेशनच्या तोंडाशी गाडी थांबवणाऱ्या होम सिग्नलच्या साधारण एक किलोमीटर आधी असतो. पिवळा पाहायच्या क्षणी दुकान बंद असेल तर व्हीसीडी जागं होईतो लाल मागं पडलेला असू शकतो. दुसरं म्हणजे पाय शिकतो. व्हीसीडीला उत्तर म्हणून महिनोन्महिने दर मिनिटाला पेडल दाबणारा पाय पुढं डोक्याला न विचारता पेडल दाबतो. अर्धवट झोपेतही दाबतो. मशीन समजतं, माणूस जागा आहे. खरं तर पाय तेवढा जागा असतो.

त्याहून जुनी आणि मला अधिक भरवशाची वाटणारी गोष्ट म्हणजे तोंडानं सिग्नल पुकारणं. असिस्टंट हात पुढं करून म्हणतो, “डबल यलो.” लोको पायलट हात करून म्हणतो, “डबल यलो.” जपानी रेल्वेत हीच बोट दाखवून बोलायची पद्धत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत साध्या कामातल्या चुका तिच्यामुळं सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. बघणं, हात उचलणं, बोलणं आणि स्वतःचाच आवाज ऐकणं, एवढी चार कामं एकदम करताना पेंगता येत नाही. शिवाय यात एक वापर कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेला नसतो. समोरच्याचं उत्तर किती उशिरा येतं, हे कानाला कळतं. नेहमी लगेच येणारं “ग्रीन” अर्धा सेकंद रेंगाळलं, आवाज सपाट झाला, फाटकाआधी शिट्टी मारायची खूण असलेला सी/फाचा बोर्ड गेला आणि शिट्टी झाली नाही, वेग उगाच चार-पाचनं खालीवर व्हायला लागला, तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली गेली, की शहाणा असिस्टंट गप्पा काढतो किंवा उभं राहायला लावतो. मान लवणं ही शेवटची पायरी. तिथवर वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

धावताना निदान काहीतरी सरकत असतं. खरी कसोटी लूपमध्ये. पुढं एक्स्प्रेस काढायची म्हणून मालगाडी बाजूला घेतात आणि समोर लाल लावून तास-दीड तास उभी ठेवतात. ब्लोअरची घूं घूं, कॅबमधली ऊब, पहाटेचे तीन. दहा-वीस मिनिटांची डुलकी माणसाला ताजं करते. नासानं वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ठरवून दिलेल्या चाळीस मिनिटांच्या विश्रांतीत सरासरी सव्वीस मिनिटं झोप लागली आणि पुढचा सावधपणा सुधारला. आपल्याकडं इंजिनात अशी डुलकी ठरवून घ्यायची सोय नाही. मग चोरून लागते ती कधी दहा मिनिटांची, कधी चाळीसची. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू पंधरा-तीस मिनिटं गढूळ असतो. नेमक्या त्याच वेळी सिग्नल पडतो आणि साठेक वाघिणींची गाडी हलवायची असते. शेजारच्या रुळाचा सिग्नल आपला वाटतो तो अशा वेळी.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. टिकते, मळत नाही, एका हातानं खाता येते. मध्यरात्रीनंतर भात-आमटी भरपेट खाणारा तीनला पेंगतो. कडक भाकरी चावावीच लागते, तीही एक सोय. पाणी मात्र कमी प्यायलं जातं. बहुतेक इंजिनांत शौचालय नाही, आणि आठ-नऊ तासांची ड्युटी. पाणी कमी की डोकं जड, डोळ्यांत वाळू. स्त्रिया लोको पायलट झाल्यावर हा प्रश्न एकदम दिसू लागला, पण होता तो आधीपासून. चहाचंही गणित असतं. प्यायल्यावर अर्ध्या तासात चढतो आणि त्यातलं अर्धं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं. पहाटे पाचचा कडक चहा सकाळी साडेसातच्या झोपेत भागीदार होतो. शेवटचा कप अडीच-तीनला संपवावा. पण पाचलाच तर लागतो चहा! घरी येताना सकाळच्या उन्हात काळा गॉगल लावणाऱ्या ड्रायव्हरला लोक हसतात. ते ऊन डोळ्यांत शिरलं की घड्याळाला पक्की खबर मिळते, दिवस उजाडला, झोप आवरा. गॉगल म्हणजे डोळ्यांवरचा पडदाच, घर येईपर्यंत.

महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच मोठ्या विश्रांती मिळतात आणि त्यात एक पूर्ण रात्र अंथरुणात जावी असं नियमात म्हटलंय. त्या रुक्ष भाषेत अंथरूण हा शब्द कसा शिरला कुणास ठाऊक. गंमत अशी की तीन रात्री जागलेला माणूस त्या हक्काच्या रात्री दोनला टक्क जागा असतो. सगळं घर झोपलेलं, कूलर चालू, अंथरूण आहे, आणि कान लांबून येणाऱ्या गाडीकडं. डिझेल की इलेक्ट्रिक, भरलेली की रिकामी, आवाजावरून कळतं.

पाटी अजून तिथंच आहे. मेच्या शेवटी एकदा आकड्याच्या जागी बोटभर भोकच पडलेलं दिसलं, खोडून खोडून. त्यावर मागून शाळेच्या वहीचा चौकोनी कागद चिकटवला होता, आणि त्यावर पेन्सिलीनं ‘६’. बेलच्या बटणावर चिकटपट्टीची आडवी पट्टी. बाजूला आणखी एक ओळ, मुलाच्या अक्षरात: ‘गॅसवाले काका, मागच्या दारी या.’ दुपारचे सव्वाचार झाले होते. आतून कूलरची घरघर येत होती. मग ती कर्कश रिंगटोन वाजली, दुसऱ्या घंटेलाच उचलली गेली, आणि थोड्या वेळानं कूलर बंद झाला.